पाटोद्याचा वाचक आणि वाङ्मयप्रकारांची कपाटे

मराठी वाङ्मयेतिहासाची कालगणना प्रकाशनवर्षावर चालते. ‘यमुनापर्यटन’ १८५७, ‘मोचनगड’ १८७१, पुढे हरिभाऊ. अशी वर्षांची माळ ओवली की कादंबरीचा इतिहास सिद्ध झाला, असे मानण्याची आपली रीत आहे. कृती छापली गेली, समीक्षकांनी तिची दखल घेतली, एवढ्यावर ती मराठी संस्कृतीत दाखल झाली असे गृहीत धरले जाते. ती कोणत्या गावी, कोणाच्या हाती आणि कोणत्या ग्रंथाच्या मागोमाग पोहोचली, हा प्रश्न मात्र वाङ्मयेतिहासाचा न समजता ग्रंथालयशास्त्राकडे सोपवला जातो. पुण्यामुंबईच्या वाचकापुरते हे काही अंशी खपून जाते, कारण तेथे प्रकाशन आणि पोच यांत फारसे अंतर पडत नाही. बीड जिल्ह्यातील पाटोद्यासारख्या ठिकाणी उभे राहून पाहिले की हे गृहीतक टिकत नाही. वाचकाला नवा ग्रंथ कसा सापडतो आणि एका वाङ्मयप्रकारातून दुसऱ्यात तो कसा जातो, हा तेथे अभिरुचीइतकाच इतिहासाचा आणि भूगोलाचा प्रश्न ठरतो.

पाटोदा हा बालाघाटच्या डोंगररांगेतील, मांजरेच्या उगमाचा तालुका. पश्चिमेला लागूनच नगर जिल्ह्यातील जामखेड. आज ही केवळ जिल्ह्याची हद्द आहे. १९४८ पर्यंत ती दोन राज्यांची सीमा होती. सीमेपलीकडे, इंग्रजी अमलातील अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) १८३८ सालीच सार्वजनिक ग्रंथालय निघाले होते आणि १८४२ पासून तेथे ‘ज्ञानोदय’ छापले जात होते. अलीकडे, निजामाच्या राज्यात, १८८४ नंतर राज्यकारभाराची भाषा उर्दू झाली आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिले. बैलगाडीच्या एका-दोन मुक्कामांचे अंतर. परंतु पलीकडे मराठी मुद्रणाचा संसार मांडलेला आणि अलीकडे मराठी ही मुख्यतः घराची, देवळाची व शेतीची भाषा राहिलेली. मराठवाड्यात आधुनिक वाङ्मयप्रकार ‘उशिरा रुजले’ असे विधान अनेकदा केले जाते. त्यातील ‘रुजणे’ या क्रियापदाने दोष मातीकडे जातो. बी टाकलेच गेले नव्हते, ही गोष्ट झाकली जाते.

उर्दूच्या या वर्चस्वाला दुसरी बाजू होती, तीही नोंदवली पाहिजे. शिकलेल्या मराठवाडी माणसाला गझल आणि अफसाना हे प्रकार मूळ भाषेतून खुले झाले. पुण्याच्या वाचकाला ही वाट नव्हती. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारख्या, हैदराबाद राज्याच्या प्रशासनात घडलेल्या अभ्यासकाने उर्दू काव्य आणि फारसी साधने मराठीत आणली, ती या द्विभाषिक वाचनाच्या बळावर. मात्र ही वाट अधिकारी, वकील, शिक्षक यांची होती. पाटोद्याच्या परिसरातील बहुसंख्य लोक ग्रंथाशी जोडले गेले होते ते कानाने.

येथे ‘वाचन’ या शब्दाचा अर्थच थोडा सैल करावा लागतो. श्रावणात ‘शिवलीलामृत’, चातुर्मासात ‘पांडवप्रताप’ किंवा ‘हरिविजय’. एकाने वाचायचे, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, बाकीच्यांनी ऐकायचे. तालुक्यातील गहिनीनाथगड आणि जवळचा भगवानगड या दोन्ही स्थानांच्या प्रभावाने या टापूत अखंड हरिनाम सप्ताहांची परंपरा दृढ झाली, आणि सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण असतेच. वारकरी कीर्तनकार निरूपणासाठी अभंग एकच घेतो. पण त्याच्या सोडवणुकीसाठी ओवी, पुराणकथा, संतचरित्र, लोककथा, प्रसंगी कालची गावातील घटना हे सारे एका बैठकीत येते. श्रोता एका प्रकारातून दुसऱ्यात जातो तेव्हा आपण काही ओलांडले याची त्याला जाणीवही नसते. हान्स रॉबर्ट यौस यांनी १९६७ साली ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची संकल्पना मांडली, तीत पूर्वपरिचित वाङ्मयप्रकाराला महत्त्वाचे स्थान आहे. पाटोद्याच्या श्रोत्याचे क्षितिज मात्र प्रकाराने आखलेले नव्हते. ते विषयाने आखलेले होते. भीम, कर्ण, नामदेव, जनाबाई ही त्याची ओळखीची माणसे. ती ओवीत भेटली की गद्यात, हे दुय्यम.

याच जिल्ह्यातील एक घटना ग्रंथाचा शोध आणि ग्रंथाचे वाचन यांतील अंतर नेमके दाखवते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची एकनाथपूर्व म्हणून त्यांनी मानलेली पोथी मिळाली ती बीडच्या पाटांगण येथे. तिच्या आधारे त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९०९ साली प्रकाशित झाली. पोथीच्या प्राचीनत्वाविषयी पुढे वाद झाले. तो येथे मुद्दा नाही. मुद्दा असा की, बीडमधून ‘पोथी’ म्हणून गेलेला ग्रंथ ‘संपादित संहिता’ म्हणून छापला गेला आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकांचा झाला. जिथून तो गेला तेथील सप्ताहांत वाचली जात राहिली ती सांप्रदायिक परंपरेतील ज्ञानेश्वरी. एकाच नावाचे दोन ग्रंथ, दोन वाङ्मयप्रकार आणि दोन वाचकवर्ग. संशोधकाला जे ‘सापडले’, ते गावाने हरवलेच नव्हते, असेही म्हणता येईल.

१९४८ च्या पोलीस कारवाईनंतर चित्र बदलू लागले. १९५५ साली हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. पुढच्याच वर्षी राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५८ साली औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) विद्यापीठ झाले आणि १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम संमत झाला. त्यानुसार वाचनालयांना मान्यता, वर्ग आणि अनुदान मिळू लागले, अनुदानामागोमाग शासनमान्य ग्रंथांच्या याद्या आल्या. ग्रंथ तालुक्याला येऊ लागला. पण तो कपाटातून येऊ लागला, आणि प्रत्येक कपाटावर वाङ्मयप्रकाराची पाटी होती : कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, धार्मिक, संकीर्ण.

ही विभागणी निरुपद्रवी वाटते. तिचा परिणाम एका उदाहरणाने तपासता येईल. ‘पांडवप्रताप’ ऐकत वाढलेला वाचक वाचनालयात येतो आणि त्याच्या हाती शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ (१९६७) पडते. कादंबरी हा प्रकार त्याला नवा असेल, कर्ण नवा नाही. म्हणून एवढा मोठा ग्रंथ तो सहज पेलतो. त्याच वर्षी इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले, आणि त्याआधी पाच वर्षे दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’. तिन्ही ग्रंथ महाभारताचे. कर्णाला नायकपद देणाऱ्या कादंबरीनंतर ‘युगान्त’मधील निर्मम, समाजशास्त्रीय नजर आणि मग ‘व्यासपर्वा’तील चिंतन, असा प्रवास झाला असता तर त्या वाचकाला समीक्षेचे शिक्षण वेगळे द्यावे लागले नसते. मतभेद कसा असतो, एका पात्राची किती वाचने संभवतात, हे त्याला आपोआप कळले असते. प्रत्यक्षात पोथी ‘धार्मिक’मध्ये, ‘मृत्युंजय’ ‘कादंबरी’त, ‘युगान्त’ व ‘व्यासपर्व’ निबंध-समीक्षेच्या किंवा संकीर्णाच्या कपाटात, आणि कपाटे बहुधा कुलूपबंद. ‘असेच आणखी काही द्या’ म्हणणाऱ्याला कादंबरीच्या कपाटातूनच पुढचे पुस्तक काढून दिले जाते. मग मराठवाड्याचा वाचक ऐतिहासिक-पौराणिक कादंबरीतच अडकला, अशी तक्रार नागर समीक्षा करते! ज्याला अभिरुचीची मर्यादा म्हटले गेले, ती पुष्कळ अंशी मांडणीची मर्यादा होती. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, हे एक आहे. ते सूत्र ग्रंथसंख्या वाढवून साधत नाही. एका ग्रंथापासून दुसऱ्यापर्यंतचा दुवा कोणीतरी दाखवावा लागतो.

असा दुवा दाखवणारी साधने मराठीत नव्हती असे नाही. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे दोन खंड १८०० ते १९५० या दीडशे वर्षांचा ग्रंथसंसार विषयवार उलगडतात, एका व्यक्तीच्या चिकाटीचे असे दुसरे उदाहरण मराठीत विरळाच. पण सूची ही आधीच शोधाला निघालेल्या अभ्यासकाची सोबतीण. सामान्य वाचकाला ती घराबाहेर काढत नाही. ते काम नियतकालिकांनी केले. १९६४ साली निघालेल्या ‘ललित’ने ग्रंथव्यवहाराची वार्ता, नव्या पुस्तकांची ओळख आणि ठणठणपाळाची थट्टा आडगावच्या वाचकापर्यंत नेली. येथे एक विचित्र अंतर निर्माण झाले. पुस्तकाचे नाव पोहोचे, पुस्तक पोहोचत नसे. ‘कोसला’ न वाचता ‘कोसला’विषयी बोलणारी पिढी ही थट्टेची बाब नव्हे, नाव आणि वस्तू यांच्या वाहतुकीचा वेग भिन्न असल्याचा तो पुरावा आहे. रेल्वेस्थानकावरील पुस्तकविक्रीने अन्यत्र हे अंतर काहीसे बुजवले. परंतु बीड शहरालाच रेल्वे मिळाली ती २०२५ साली.

दिवाळी अंकाचे कार्य अधिक खोलवरचे होते. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही प्रथा वाङ्मयप्रकारांच्या कपाटांना नेमका छेद देणारी आहे. कथेसाठी घेतलेल्या अंकात कविता समोर येते, राशिभविष्यासाठी उघडलेल्या अंकात प्रवासवर्णन वाचले जाते. वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत एकच अंक शिमग्यापर्यंत, कधी पुढच्या दिवाळीपर्यंत घरोघर फिरतो. ज्या घरात कवितासंग्रह कधी मागून आणला जाणार नाही, तेथे कविता या मार्गाने शिरली. कीर्तनातील सरमिसळीशी या अंकाचे नाते आहे, असे म्हणणे अतिशयोक्त वाटेल. वाचकाच्या बाजूने पाहता ते नाते खरे आहे.

याच दृष्टीने नरहर कुरुंदकरांच्या प्रस्तावनांचा फेरविचार व्हायला हवा. नांदेडमध्ये राहून इतिहास, नाट्यशास्त्र, समाजकारण, काव्य अशा अनेक क्षेत्रांत लिहिणाऱ्या कुरुंदकरांना ‘प्रस्तावनाकार’ म्हणताना त्यात किंचित उपहास असतो. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला जोडलेले त्यांचे पत्ररूप विवेचन आठवावे. शिवचरित्राच्या ओढीने कादंबरी हाती घेतलेल्या वाचकासमोर कथा सुरू होण्यापूर्वीच इतिहासमीमांसा उभी राहते. साधनांची चिकित्सा म्हणजे काय, चरित्रनायकाची थोरवी चमत्काराशिवाय कशी सांगता येते, हे त्याला कळते. इतिहासाचे कपाट कादंबरीच्या पोटात नेऊन ठेवण्याचे हे काम आहे. सर्वच वाचक ती पाने वाचत नाहीत हे खरे. वाचणाऱ्यांपुढे मात्र मराठीत अन्यत्र सहज न मिळणारी वाट उघडते. मराठवाड्यात राहणाऱ्या समीक्षकानेच हा मार्ग निवडावा, यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे. आपल्या वाचकाच्या गावी कोणते पुस्तक पोहोचते आणि कोणते नाही, याची जाण त्या निवडीमागे दिसते.

कपाटांची सर्वांत कठोर परीक्षा दलित आत्मकथनांनी घेतली. १९५० साली औरंगाबादला सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयाने खेड्यांतून आलेल्या पहिल्या पिढीला ग्रंथसंग्रह खुला केला. त्याच परिसरातून गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ उभे राहिले. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) मधील आठवणी प्रथम या नियतकालिकातून वाचकांसमोर आल्या. आधीच्या वर्षी ‘बलुतं’, नंतरच्या वर्षी ‘उपरा’. हे लेखन चरित्राच्या कपाटात ठेवावे तर तेथे थोरामोठ्यांची चरित्रे; कादंबरीत ठेवावे तर त्यातील सत्याचा दावा पुसला जातो. समीक्षेने ‘आत्मचरित्र की आत्मकथन’ हा वाद बराच घोळवला. वाचकापुढे असा पेच नव्हता. ऐकलेल्या आणि भोगलेल्या गोष्टी प्रथमच छापील रूपात भेटत होत्या. विषय ओळखीचा, प्रकार अनोळखी, ही तीच जुनी वाट. फरक एवढाच की, ओळखीचे माणूस या वेळी कर्ण नव्हता, वाचक स्वतः होता. पोथीच्या बैठकीत ज्यांना ओसरीच्या पायरीखाली बसावे लागले, त्यांना ‘श्रवणपरंपरे’चा गौरव तसाच मान्य होईल असे नाही, हेही येथे विसरता येत नाही. वर वर्णिलेले विषयाचे क्षितिज सर्वांना सारखे खुले नव्हते.

राज्यशासनाने २०१७ साली महाबळेश्वरजवळच्या भिलारला ‘पुस्तकांचे गाव’ केले. तेथे घराघरांत पुस्तके आहेत. एका घरी कादंबरी, दुसऱ्या घरी कविता, तिसऱ्या घरी चरित्रे. कपाटे घरांत गेली, पाट्या कायम राहिल्या. तरीही एक बदल झाला. एका घरातून दुसऱ्या घरी वाचक स्वतः चालत जातो, कपाटाला कुलूप नसते आणि कोणी पुस्तक काढून देत नाही. हे गाव पर्यटकाच्या वाटेवरचे आहे. पाटोद्याच्या वाचकाचा प्रश्न वेगळा. या तालुक्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ती उन्हाळ्यात परततात. वाचनालयांची नवी खरेदी, दिवाळी अंकांचे वाटप, ग्रंथप्रदर्शने हे सारे नेमके त्याच महिन्यांत असते. गावी उरतो तो श्रावण, पोथीचा महिना. आणि त्या वेळी माणसे घरी असतात.