सप्टेंबर १९५८ची जुळी कर्जं

२०२५च्या एप्रिलमधली गोष्ट. लॅबमधला एक अमेरिकन सहकारी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आला. त्याच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी २४ टक्क्यांनी वाढत होती. त्यात थकलेल्या विद्यार्थी-कर्जांची सक्तीची वसुली ५ मेपासून पुन्हा सुरू होणार, असं सरकारने नुकतंच जाहीर केलं होतं. त्याचं कर्ज २०२०च्या आधीच थकलेलं. मार्च २०२०मध्ये करोनामुळे वसुली थांबली आणि तोही ते विसरला. "आधी कुठलं फेडू?"

मी इंजिनिअर माणूस. एक्सेल उघडलं, २४ विरुद्ध ६.८. आधी कार्ड, म्हटलं. सोपं गणित!

काही आठवड्यांनी त्याला पत्र आलं: टॅक्सचा परतावा वळता करून घेऊ, पुढे पगारही कापू. मग मी ओशाळून वाचायला बसलो. (आपल्याकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांना हे सरकारी कर्ज मिळत नाही. माझं कर्ज गावच्या बँकेचं, बाबा जामीन. म्हणून इकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.)

गंमत म्हणजे ही दोन्ही कर्जं एकाच महिन्यातली. ऑक्टोबर १९५७मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला, अमेरिका हादरली, आणि २ सप्टेंबर १९५८ला आयझेनहॉवरने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यावर सही केली. त्यातून विद्यार्थ्यांना ३ टक्क्यांनी कर्ज मिळू लागलं. शाळेत शिक्षक झालात तर निम्म्यापर्यंत माफ! त्याच महिन्यात बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात कुणी न मागता ६०,००० कार्डं टपालाने वाटली. व्याज १८ टक्के.

पुढे वाटा फुटल्या. १९७८मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की बँक जिथली असेल त्या राज्याचा व्याजदर देशभर लावू शकते. सिटीबँकेने कार्डाचा धंदा साउथ डकोटात हलवला, व्याजावरचा लगाम सुटला. पण वसुलीसाठी कार्ड कंपनीला आजही कोर्टात जावं लागतं, आणि दिवाळखोरीत ते कर्ज सहसा पुसलं जातं.

विद्यार्थी-कर्जाचं उलट झालं. डॉक्टर, वकील पदवी घेऊन लगेच दिवाळखोरी जाहीर करतील, या भीतीने १९७६मध्ये पहिली पाच वर्षं तो मार्ग जवळपास बंद केला. प्रत्यक्षात एक टक्क्याहूनही कमी कर्जं अशी बुडत होती! तरी १९९०मध्ये पाचाची सात वर्षं झाली, १९९८मध्ये मुदतच काढली. उरली फक्त 'असह्य हलाखी' सिद्ध करायची वाट. दावा लावायची कालमर्यादा १९९१मध्येच गेली होती. कोर्टात न जाता हातात येणाऱ्या पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंत सरकार कापू शकतं. हे माझ्या एक्सेलच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

मग तक्ता बदलला. सरकारी कर्ज रुळावर आणायला दहा महिन्यांत नऊ हप्ते वेळेवर भरायचे असतात, तेही उत्पन्नाच्या मानाने, म्हणजे झेपण्यासारखे. ते आधी. कार्डावर किमान रक्कम. शिवाय फोन करून त्याने काही महिन्यांपुरता दर कमी करून घेतला. मागितल्यावर मिळाला, हे त्यालाच आश्चर्य! तरी कार्डाचं व्याज चढत राहिलं, ते मी लपवत नाही.

जानेवारी २०२६मध्ये सरकारने सक्तीची वसुली पुन्हा लांबणीवर टाकली. तो धावत आला. आठ हप्ते भरून झाले होते. "थांबवू का?"

या वेळी मी एक्सेल उघडलं नाही. नववा भर, म्हटलं.