बँक-गोपनीयता

ग्राहकाचे खाते, ठेवी, कर्जे व अन्य व्यवहार यांविषयीची माहिती त्रयस्थास न देण्याचे बँकेवरील बंधन. हे बंधन ग्राहकाच्या संरक्षणार्थ निर्माण झाले. परंतु बँकेची स्वतःची आर्थिक स्थिती झाकून ठेवण्यासाठीही पुढे त्याच तत्त्वाचा आधार घेण्यात आला. भारतात या दोहोंतील भेद कायद्याने सावकाश मान्य केला.

इंग्लंडमधील टुर्निए खटल्यात (१९२३) बँकेच्या व्यवस्थापकाने ग्राहकाच्या मालकाजवळ त्याच्या खात्याविषयी वाच्यता केल्यामुळे ग्राहकाची नोकरी गेली होती. गोपनीयता ही बँक व ग्राहक यांच्यातील करारातील गर्भित अट असून कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेचे हितरक्षण व ग्राहकाची संमती हे तिचे चार अपवाद होत, असा निर्णय अपील न्यायालयाने दिला. स्वित्झर्लंडने १९३४ च्या अधिनियमान्वये गोपनीयतेचा भंग हा फौजदारी गुन्हा ठरविला. भारतात इंग्लिश तत्त्व रूढ झाले व स्टेट बँक अधिनियम (१९५५) आणि बँक-राष्ट्रीयीकरणाचा अधिनियम (१९७०) यांत त्याचा अंतर्भाव करण्यात आला.

बँकांच्या ताळेबंदांत गुप्त राखीव निधी व बुडीत कर्जांसाठीची तरतूद उघड दाखविण्याची प्रथा नव्हती. वेतनविषयक तंट्यांत कर्मचारी संघटनांनी ही माहिती मागितली, तेव्हा १९६० मध्ये बँकिंग कंपनी अधिनियमात ३४अ हे कलम घालून ती देण्याच्या सक्तीपासून बँकांना मुक्त करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हे कलम वैध ठरविले. ठेवीदारांत घबराट पसरू नये, हे या गुप्ततेचे समर्थन होते. तथापि १९६० मध्येच अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळातील पालाई सेंट्रल बँक बुडाल्या. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेव-विमा योजना सुरू झाली. तिची प्रारंभीची मर्यादा प्रत्येक ठेवीदारास रु. १,५०० होती.

नरसिंहम समितीने (१९९१) ताळेबंदांत टप्प्याटप्प्याने पूर्ण पारदर्शकता आणण्याची शिफारस केली. माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमानंतर (२००५) बँकांच्या तपासणी-अहवालांची मागणी होऊ लागली. रिझर्व्ह बँकेचे बँकांशी विश्वस्ताचे नाते नसून तिचे कर्तव्य जनतेप्रती व ठेवीदारांप्रती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१५ रोजी स्पष्ट केले. या प्रश्नाचे गांभीर्य २०१९ मध्ये मुंबईतील पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या प्रकरणी दिसून आले. दिलेल्या कर्जांची माहिती चुकीची व कमी दाखविल्यावरून तिच्यावर निर्बंध आले आणि प्रारंभी प्रत्येक खात्यातून केवळ रु. १,००० काढण्याची मुभा राहिली. ठेव-विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख रुपये करण्यात आली.

दरम्यान २०१७ मध्ये खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरला होता. त्याच्याशी माहितीच्या हक्काचा समतोल २०१५ च्या निर्णयात साधला गेला नसल्याचे प्रथमदर्शनी मत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये नोंदविले. अशा अहवालांत बँकेच्या कारभाराबरोबरच ग्राहकांचीही माहिती असते. त्यामुळे एकीचे प्रकटीकरण करताना दुसरीचे रक्षण कसे करावे, ही या विषयातील मुख्य अडचण होय.