लंगोट उतरल्यानंतर

विटा म्हटलं की बाहेरच्या माणसाला गलाई व्यवसाय आठवतो. सोनं-चांदी शुद्ध करण्याच्या या कामासाठी खानापूर तालुक्यातली माणसं देशभर पांगली. गावच्या यात्रेला ती परतली की कुस्तीच्या मैदानासाठी सढळ हाताने वर्गणी देतात. पैलवानाला इनाम मिळतं, फेटा मिळतो. पण तिशी-पस्तिशीत लंगोट उतरवल्यावर त्याने करायचं काय?

युरोपातल्या फुटबॉलने यासाठी पगारी खुर्ची तयार केली. डेन्मार्कचा फ्रँक आर्नेसन अयाक्स आणि पीएसव्हीकडून खेळला, १९८६चा विश्वचषकही खेळला. पुढे टॉटनहॅम, चेल्सी, हॅम्बुर्ग अशा क्लबांत तो क्रीडा संचालक झाला. कुणाला घ्यायचं, कुणाला घडवायचं, कुणाला सोडायचं, हे ठरवणारा माणूस.

आपल्याकडे हेच काम वस्ताद करत आला, नेमणूकपत्राशिवाय.

शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर हे त्याचं ठळक उदाहरण. १९६० साली मुंबईत खडकसिंगला हरवून ते हिंदकेसरी झाले. १९६२च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य त्यांनी आणलं. त्याच स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइलचं सुवर्ण पटकावलं, म्हणजे एकाच सांगली जिल्ह्यातले दोन सुवर्णवीर! आंदळकर १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्येही उतरले. पण आखाडा सोडून ते गावाकडे स्वस्थ बसले नाहीत. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी दुसरी खेळी मांडली, आणि माझ्या मते तीच मोठी. पोरगं पारखायचं, त्याचे जोर-बैठका आणि खुराक बघायचा, कोणत्या मैदानात कुणाशी जोड लावायची हे ठरवायचं. घाईने लावलेली एक जोड पठ्ठ्याचं वर्ष वाया घालवते, म्हणून वस्तादाचा नकारही मोलाचा. १९७० आणि १९७१चे महाराष्ट्र केसरी दादू चौगुले याच तालमीतले. १९७४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्य मिळवलं आणि पुढे तेही वस्ताद झाले.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांच्या वाट्याला अशी दुसरी खेळी आली नाही. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. १९५५मध्ये ते पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून लागले. १९८४मध्ये अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर. देशाच्या कुस्तीने त्यांचा अनुभव हक्काने वापरून घ्यायला हवा होता.

तालमीबाहेर पैलवानाला जागा मिळते ती संघटनेत, आणि तिथले डाव मातीतल्यापेक्षा किचकट. राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ची, तिची महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१पासूनची. पहिला मान सांगली जिल्ह्यातल्या दिनकर दह्यारींचा. पण २०२२मध्ये राष्ट्रीय महासंघाने परिषद बरखास्त केली, वाद पेटला आणि नोव्हेंबर २०२३मध्ये फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाले.

विट्याजवळच्या भाळवणीचे चंद्रहार पाटील २००७ आणि २००८ असे लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी. त्यांनी वेगळाच आखाडा धरला. २०२४मध्ये सांगलीतून लोकसभेला ते ठाकरे गटाच्या शिवसेनेकडून उभे राहिले आणि हरले. २०२५मध्ये शिंदे गटात गेले.