कल्लिएना बंदरातले यवन
मी भिवंडीचा लूमवाला. इतिहासातही आधी कापड आणि जकात शोधतो. सिकंदर बियासवरून परतला, आमच्याकडे फिरकलाच नाही. इथे ग्रीक आले ते व्यापाराला. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात खाडीपलीकडचं कल्याण ‘कल्लिएना’ म्हणून नोंदलंय. थोरल्या सातवाहन राजाच्या काळी ती रीतसर बाजारपेठ होती. पुढे संदनेस नावाच्या सत्ताधीशाने ती बळकावली आणि चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला धाडली जाऊ लागली. तेरचं साधं सुती कापडही भडोचलाच जाई. गिऱ्हाईक पळवायची ही तऱ्हा आमच्या बाजाराला नवी नाही!

आणि जिंकायला आलेल्या यवनांचं, म्हणजे ग्रीकांचं, काय? त्यांच्या गावचा माणूसही इथे दानच देऊन गेला. नाशिकचं सतरा नंबरचं लेणं इंद्राग्निदत्त या यवनाने खोदवलं. बाप धर्मदेव, गाव उत्तरेकडचं दत्तामित्री. बॅक्ट्रियाच्या दिमित्री राजाने वसवलेलं, असं बरेच अभ्यासक मानतात. त्याच डोंगरात, तीन नंबरच्या लेण्यात, सातवाहन राजमाता गौतमी बलश्री मात्र आपल्या मुलाला शक-यवन-पह्लवांचा संहारक म्हणते. कार्ल्याच्या चैत्यातले कितीतरी खांब धेनुकाकटाच्या यवनांनीच दिलेत.