‘नसीम’ : एका घराचा इतिहास

हिंदी पडद्यावर आम्ही बहुधा नवाब, कव्वाल नाहीतर गुंड म्हणूनच दिसलो. साधे मध्यमवर्गीय मुस्लिम घर दाखवले ते सईद अख्तर मिर्झा यांच्या ‘नसीम’ने (१९९५). काळ जून ते डिसेंबर १९९२, शहर मुंबई. शाळकरी नसीम अंथरुणाला खिळलेल्या आजोबांकडून जुन्या आग्र्याच्या गोष्टी ऐकते. बाहेर अयोध्येचे वातावरण तापत असते. आजोबांच्या भूमिकेत शायर कैफी आझमी आहेत. ६ डिसेंबरला मशीद पडते, त्याच दिवशी आजोबाही जातात.

दिग्दर्शन व पटकथेचे राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही आपल्यापैकी फार थोड्यांनी हा चित्रपट पाहिला. दंगलीचा इतिहास आयोगाच्या अहवालात सापडेल. पण दंगलीआधी आपल्या घरांत भीती कशी शिरली, हे ‘नसीम’च सांगतो. मुलाबाळांना सोबत घेऊन तो आपण पाहायला हवा.