जुना संगणक आणि स्वस्त ‘टू-इन-वन’: एका सल्ल्याचे खंडन

घरातला सात-आठ वर्षांचा संगणक रखडायला लागला की हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. ‘आता त्याच्यावर पैसे घालू नका. एखादा परवडणारा टू-इन-वन घ्या. कीबोर्ड लावला की लॅपटॉप, काढला की टॅबलेट. एका खर्चात दोन कामे.’ दुकानदार हेच सांगतो, आयटीत नोकरी करणारा भाचाही हेच सांगतो. निवृत्त शिक्षकापासून बारावीच्या विद्यार्थ्यापर्यंत सगळ्यांना ते पटते. माझ्या मते हा सल्ला चुकीचा आहे, आणि ज्यांच्याकडे पैसे मोजके आहेत त्यांच्या बाबतीत तर सर्वाधिक चुकीचा.

पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो आधी नीट मांडतो. डेस्कटॉपला टेबल लागते, यूपीएस लागतो. मुंबईतल्या एका खोलीच्या घरात तेवढी जागाही महाग असते. भारनियमन असलेल्या गावात वीज गेली की डेस्कटॉप बंद पडतो, टू-इन-वन बॅटरीवर काही तास चालतो. त्यातून १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा असेल तर बहुतेक करून आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तेव्हा २०१७च्या आधीचे जवळजवळ सगळे संगणक अधिकृत यादीबाहेर गेले. नवे यंत्र घ्यायचेच आहे, तर दोन्ही कामे करणारे का घेऊ नये, हा प्रश्न रास्त आहे.

या सल्ल्याला विरोध करणारे बरेचदा एक भलताच युक्तिवाद करतात: दोन उपकरणांची सांगड घालणे मुळातच चूक. ॲपलचे टिम कुक यांनी एप्रिल २०१२ मध्ये असेच म्हटले होते. टोस्टर आणि फ्रिज एकत्र करता येतील, पण ते कुणाला आवडणार नाही, असा त्यांचा रोख होता. पुढे २०१५ मध्ये ॲपलनेच आयपॅड प्रोसाठी कीबोर्ड आणला आणि २०२० मध्ये ट्रॅकपॅड असलेला. कल्पनेत खोट नव्हती. माझा आक्षेपही कल्पनेवर नाही. तो ‘परवडणारा’ या अटीवर आहे, कारण ही कल्पना स्वस्तात उतरवताना नेमके काय कापले जाते ते गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही.

याचा उत्तम पुरावा मायक्रोसॉफ्टच्याच इतिहासात सापडतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये सरफेस आरटी आला, किंमत ४९९ डॉलर. दिसायला विंडोज, पण आत एआरएम जातीचा प्रोसेसर. विंडोजवरची नेहमीची जुनी सॉफ्टवेअरे त्यावर चढतच नव्हती. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या सरफेस प्रोमध्ये इंटेलचा प्रोसेसर आणि पूर्ण विंडोज होते. त्याची किंमत ८९९ डॉलरपासून सुरू होत होती. कंपनी एक, घडण जवळजवळ सारखी. महाग भावंड टिकले, त्याच्या पिढ्या झाल्या. स्वस्त भावंडापायी जुलै २०१३ मध्ये कंपनीला ९० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला.

भारतातही ती लाट आली. मायक्रोमॅक्सने २०१५ मध्ये कॅनव्हास लॅपटॅब १४,९९९ रुपयांना आणला: १०.१ इंची पडदा, २ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण. कागदावर तो संगणकच होता. पण विंडोजचे मोठे अपडेट उतरवायला ३२ जीबीत जागाच उरत नसे, आणि अशी यंत्रे अपडेटशिवाय पडून राहत.

आज तेच आकडे दुप्पट होऊन आपल्यापुढे येतात: ४ जीबी आणि ६४ जीबी. विंडोज ११ची किमान अटही हीच आहे, त्यामुळे विक्रेता ‘चालतं की’ म्हणतो तेव्हा खोटे बोलत नाही. पण त्या ६४ जीबीचा हिशेब जवळून पाहू. डब्यावरचे ६४ जीबी विंडोजच्या मोजणीत साठच्या आतच भरतात. त्यातले वीसेक जीबी खुद्द विंडोज घेते आणि काही जागा अपडेटसाठी राखून ठेवते. वर्षाचे मोठे अपडेट आले की जुन्या आवृत्तीची प्रत काही दिवस तशीच राहते, तिचेही दहा-वीस जीबी धरा. त्यावर ऑफिस, ब्राउझर, नातवंडांचे फोटो आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या पीडीएफ. यंत्र नवे असूनही वर्षभरात लाल पट्टी दिसू लागते.

याहून गंभीर गोष्ट अशी की ही साठवण बहुधा ईएमएमसी प्रकारची असते आणि रॅमप्रमाणेच बोर्डवर झाळलेली असते. नंतर वाढवता येत नाही. ती बिघडली तर दुसरी बसवायची सोय नाही, आणि त्यातले लेखन-फोटो काढून दुसऱ्या यंत्राला जोडणेही सामान्य माणसाच्या आवाक्यात राहत नाही. बॅटरी काचेमागे चिकटवलेली, म्हणजे तीन वर्षांनी ती बदलायची तर आधी पडदाच उचकटायचा. स्पर्शाचा पडदा, मजबूत बिजागरी किंवा मागचा टेकू, सुटणारा कीबोर्ड या सगळ्यांना पैसा लागतो. किंमत कमीच ठेवायची असेल तर तो पैसा रॅम, साठवण आणि प्रोसेसर यांच्यातूनच वळवावा लागतो. पुष्कळदा तेवढ्यानेही भागत नाही. २०१८चा सरफेस गो ३९९ डॉलरला होता, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी. कीबोर्ड वेगळा ९९ डॉलरचा, पेन आणखी ९९ डॉलरचे. एका खर्चात दोन कामे हा हिशेब डबा उघडण्याआधीच मोडलेला होता.

आता जुन्या संगणकाकडे वळू. तो रखडतो याचे कारण त्याचे वय, असे सगळे धरून चालतात. पण २०१२ ते २०१७ या काळातल्या बहुतेक कोअर आय-३, आय-५ यंत्रांत खरा अडसर प्रोसेसरचा नसतो, फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. लॅपटॉपची तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, साडेपाच मिलिसेकंद. डोके योग्य जागी सरकायला त्याहून जास्त. संगणक सुरू होताना विखुरलेले हजारो बारीक तुकडे वाचतो आणि प्रत्येक तुकड्यासाठी ही वाट पाहणे आलेच. एसएसडीत फिरणारे काही नसते. तीच वाट मिलिसेकंदाच्या अंशावर येते.

बदल करायला कारखाना लागत नाही. लॅपटॉप उलटा करायचा, बॅटरी काढायची, तळाचे स्क्रू सोडायचे. अडीच इंची डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत बसवलेली असते; ती सरकवून साटाच्या खाचेतून बाहेर घ्यायची आणि त्याच मापाची एसएसडी तिथे बसवायची. शेजारी रॅमची दुसरी खाच रिकामी असेल तर तीही भरायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे काम बसल्या जागी होते. नव्या यंत्राच्या किमतीच्या मानाने हा खर्च लहान असतो. हे करून झाले की पाच-सहा मिनिटे उघडायला घेणारे यंत्र अर्ध्या मिनिटात कामाला लागते. ही युक्ती प्रत्येक यंत्राला लागू नाही: मदरबोर्ड अधूनमधून दगा देत असेल किंवा यंत्र कोअर टू ड्युओच्या काळातले असेल, तर त्यावर खर्च करू नये.

विंडोज १०चे काय? हा आक्षेप मी हलका मानत नाही. सुरक्षा-दुरुस्त्या न मिळणाऱ्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे. पण त्याला उत्तरे आहेत. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा-अपडेटची सोय दिली. ज्याचे काम ब्राउझर, ईमेल आणि मराठी टंकलेखन एवढेच आहे, त्याला लिनक्स मिंट पुरते. लिबरऑफिस त्यासोबतच येते आणि देवनागरीचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही सेटिंगमधून जोडता येतो. डिजिटल सहीचे टोकन रोज लावणाऱ्या कर सल्लागाराला मात्र मी लिनक्स सुचवणार नाही.

शिवाय नव्या स्वस्त यंत्राला दीर्घ आधार मिळेलच ही समजूतही इतिहासाला धरून नाही. २०१२-१३ मध्ये इंटेलच्या क्लोव्हर ट्रेल ॲटम प्रोसेसरवर पुष्कळ टू-इन-वन निघाले. २०१७ मध्ये विंडोज १०चे क्रिएटर्स अपडेट त्यांना नाकारले गेले. जानेवारी २०२३ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळतील एवढ्यावर त्यांची बोळवण झाली. त्याच वर्षांतला साधा आय-५ लॅपटॉप पुढची सगळी विंडोज १० अपडेटे घेत राहिला.

जे रोज मराठीत लिहितात त्यांच्यासाठी आणखी एक मुद्दा. देवनागरीच्या ओळीला वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार-ऋकार यांची जागा लागते, त्यामुळे दहा इंची पडद्यावर रोमनपेक्षा कमी ओळी मावतात. कीबोर्ड काढून पडद्यावरचा कीबोर्ड उघडला की त्यातलीही अर्धी जागा जाते. सुटणाऱ्या कीबोर्डच्या यंत्रात प्रोसेसर आणि बॅटरी पडद्यामागे असतात, म्हणून वजन वर आणि तळ हलका. टेबलावर टेकू धरतो. एसटीत मांडीवर घेतले की मागे कलंडते. डीटीपी करणाऱ्यांनी एआरएमवरचे टू-इन-वन घेताना तर फारच जपावे. जुन्या सॉफ्टवेअरचा डाँगल किंवा प्रिंटर यांचा एआरएमसाठीचा ड्रायव्हर नसेल, तर ते चालणार नाहीत.

मग घ्यायचे काय? जुने यंत्र सुधारण्यापलीकडे गेले असेल तर त्याच पैशात साधा, न वळणारा लॅपटॉप घ्यावा, ८ जीबी रॅम आणि खरी एसएसडी असलेला. नाहीतर कंपन्यांतून तीन-चार वर्षांनी बाहेर पडलेला थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड घ्यावा, आठव्या पिढीचा किंवा नंतरचा. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालते, आणि ज्या मॉडेलांत रॅम खाचेत असते ती पुढे वाढवताही येते. वाचनासाठी टॅबलेट हवाच असेल तर साधा अँड्रॉइड टॅबलेट वेगळा घ्यावा. एक बिघडला तरी दुसरे काम अडत नाही.

टू-इन-वन ज्यांना खरोखर लागते असे लोक आहेत: गणित-भौतिकशास्त्र शिकणारे, शिकवणारे, आकृत्या काढणारे, विद्यार्थ्यांच्या पीडीएफवर हाताने शेरे लिहिणारे. त्यांनी ते जरूर घ्यावे, पण पेनासाठी घ्यावे आणि पेनच आधी तपासावे. पडदा स्पर्शाला दाद देतो म्हणजे तो पेन ओळखतो असे नाही. रबरी टोकाच्या साध्या काडीने लिहिताना तळहात टेकला की रेघोट्या उमटतात. सक्रिय पेन ओळखणारा पडदा तळहाताचा स्पर्श बाजूला ठेवतो आणि दाब बदलला की रेघ जाडबारीक करतो. दुकानात पेन मागून घ्यावे, तळहात टेकवून देवनागरीत चार ओळी लिहून पाहाव्यात. मग पेन आणि कीबोर्ड डब्यात आहेत की वेगळे घ्यायचे, रॅम किती आणि साठवण ईएमएमसी की एसएसडी, हे बिलावर लिहून मागावे.