भोकांची तबकडी

पुठ्ठ्याची एक गोल तबकडी कापा. कडेपासून आत वळत जाणाऱ्या, गोगलगायीच्या शंखासारख्या वळणावर दाभणाने ३० भोकं पाडा. प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा किंचित आत. तबकडीमागे चित्र धरा आणि ती गरगर फिरवा. पहिलं भोक चित्रावरून एक बारीक रेघ वाचत जातं, दुसरं तिच्या शेजारची, तिसरं तिच्याही शेजारची. एक फेरा पुरा झाला की चित्र वाचून संपलं. टेलिव्हिजनचं कूळ या रेघेत आहे. काचेचा पडदा, गच्चीवरचा अँटेना हे सगळं फार नंतरचं.

कल्पना पॉल निपकोवची. बर्लिनमध्ये शिकत असताना १८८४ साली त्याने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. उजेड पडला की सेलेनियममधून वीज जास्त वाहते, हे १८७३पासून ठाऊक होतं. भोकातून येणारा कमीजास्त उजेड सेलेनियमवर पाडायचा, त्याने कमीजास्त होणारी वीज तारेने दूर न्यायची आणि तिथे दुसरी तबकडी त्याच वेगाने फिरवून तिचा पुन्हा उजेड करायचा. कागदावर काही चुकत नव्हतं. पण ती वीज इतकी दुबळी, की तिला बळ देणारं साधन तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं. निपकोव रेल्वे सिग्नलच्या कामाला लागला, पेटंट तसंच सरून गेलं. मला या कथेत सगळ्यात जास्त जवळचा तोच वाटतो.

चाळीसेक वर्षांनी स्कॉटलंडच्या जॉन लोगी बेअर्डने ती तबकडी उचलली. मधल्या काळात रेडिओचे व्हॉल्व्ह आले होते. दुबळी वीज वाढवता येत होती. बेअर्डकडे पैसा मात्र नव्हता. हॅटच्या खोक्याचा पुठ्ठा, रफूच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगं आणि जोडायला लाख, असा सगळा संसार. पुढे लंडनच्या सोहो भागात, फ्रिथ स्ट्रीटवरच्या माडीवर त्याने शब्दभ्रमाच्या खेळातल्या बाहुल्याचं मुंडकं यंत्रापुढे ठेवलं. माणूस बसवणं अवघड होतं, कारण दिव्यांची धग सोसवत नसे. २ ऑक्टोबर १९२५ला त्या बाहुल्याचा चेहरा, नाकाडोळ्यांच्या छायेसकट, दुसऱ्या टोकाला उमटला.

बेअर्ड धावत खाली गेला आणि कचेरीतल्या विल्यम टेंटन नावाच्या २० वर्षांच्या पोऱ्याला घेऊन आला. त्याला दिव्यांपुढे बसवून तो पलीकडच्या खोलीत गेला, तर पडदा कोरा! पोरगा धगीला घाबरून मागे सरकला होता. बेअर्डने त्याच्या हातावर अडीच शिलिंग ठेवले आणि त्याला पुन्हा बसवलं. टेलिव्हिजनवर दिसण्याची ही पहिली बिदागी.

३० सप्टेंबर १९२९ला बीबीसीच्या प्रक्षेपकावरून बेअर्डचं प्रायोगिक प्रसारण सुरू झालं. प्रक्षेपक एकच, म्हणून आधी माणूस मुक्यानेच दिसायचा आणि मग नुसता त्याचा आवाज ऐकू यायचा. दोन्ही एकत्र यायला मार्च १९३० उजाडला. घरी बघणाऱ्याच्या तबकडीला सेकंदाला साडेबारा फेरे घ्यावे लागत. वेग जरा चुकला की चेहरा सरकत निघून जाई. आणि चित्र केवढं? हाताच्या पंज्याखाली झाकेल एवढं, निऑन दिव्याच्या नारिंगी रंगाचं.

तबकडी हरली ती तिच्या भोकांपायी. चित्र रेखीव हवं तर रेघा वाढवा. रेघा वाढवल्या की भोकं बारीक, आणि भोकं बारीक झाली की उजेडच शिरेना. २ नोव्हेंबर १९३६ला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीने नियमित प्रसारण सुरू केलं, तेव्हा बेअर्डच्या २४० रेघा आणि मार्कोनी-ईएमआय कंपनीच्या ४०५ रेघा अशा आळीपाळीने दाखवल्या जात. मार्कोनी-ईएमआयकडे इलेक्ट्रॉनचा झोत होता, त्याला ना वजन ना भोकं. १९३७च्या सुरुवातीलाच बेअर्डची पद्धत बंद झाली.

पण झोतही चित्र वाचत होता तो रेघेरेघेनेच. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, ते ६२५ रेघांचं. पडद्याला नाक लावून बसलं की त्या आडव्या रेघा आम्हा पोरांना मोजता येतील इतक्या स्पष्ट दिसायच्या, आणि मोजायला लागलं की हमखास मागून आई ओरडायची, ‘मागे सरक, डोळे जातील!’